घमेल्यातला गोटा

परभणीकडे दगडखाणीला कोणी खाण म्हणत नाही, खदान म्हणतात. गंगाखेडच्या दक्षिणेला डोंगर सुरू होतो, तिथली एक खदान महिनाभर बंद पडली होती. त्याआधी एका दुपारी दक्षिणेच्या कड्यातून ट्रॅक्टरएवढा दगड सुटून खाली आला. जेवणाची सुट्टी होती म्हणून निभावलं. चाळीसच्या चाळीस माणसं संध्याकाळी आपापल्या घरी गेली. मालकाला सोमवारी काम सुरू करायचं होतं आणि कडा भरवशाचा आहे की नाही, हे सांगायची जबाबदारी सुगत वाव्हळेवर आली.

सुगत भूशास्त्र शिकलेला. दगडावर त्याचा विश्वास होता, माणसांच्या सांगण्यावर बेताचाच. रोज सकाळी कंपनीच्या गाडीनं परभणीहून यायचा आणि रात्रीच्या जेवणाला बायको साक्षी आणि लेकीपाशी परत जायचा.

बुधवारी पहिल्यांदा खाली उतरताना मुकादम लिंबाजीनं त्याला उतारावरच अडवलं. वर कडुलिंबाच्या सावलीत नदीच्या गोट्यांचा एक ढीग होता आणि शेजारी एक घमेलं. खाली जाणाऱ्यानं ढिगातला एक गोटा घमेल्यात टाकायचा, वर आल्यावर घमेल्यातून एक काढून ढिगात टाकायचा. घमेल्यात एक जरी गोटा असला तरी सुरुंग उडवायचा नाही. लिंबाजीच्या आज्यापासूनची ही रीत. सुगतला हसू आलं, पण यात निदान मोजणी तरी होती, म्हणून त्यानंही एक टाकला.

दिवसभर त्यानं होकायंत्र लावून भेगांचे कल मोजले. काळा पाषाण उभ्या खांबांसारखा चिरलेला, आणि त्याच्या बुडाशी हातभर जाडीचा तांबडा मातकट थर, खदानीच्या बाजूला उतरता. वरचं पाणी त्यात मुरलं की अख्खा कडा साबणावर ठेवल्यासारखा घसरणार. सर्वांत मोठ्या भेगेवर त्यानं काचेची पट्टी आडवी चिकटवली. खडक केसभर सरकला तरी काच तडकते, इतकी साधी युक्ती.

संध्याकाळी तो, लिंबाजी आणि ड्रिलवाला सूर्यभान असे तिघं वर आले. तिघांनी तीन गोटे काढले. घमेल्यात एक उरला.

लिंबाजी परत खाली गेला, हाका मारून आला. कोणीच नव्हतं. चुकून दोन टाकले असतील, असं सुगत म्हणाला आणि गाडीत बसला.

गुरुवारी त्यानं आधी घमेलं पालथं करून घेतलं आणि स्वतः मोठ्यानं मोजून तीन गोटे टाकायला लावले. संध्याकाळी तिघं वर आले तेव्हा पुन्हा एक उरला होता. त्यानं तो उचलून पाहिला. सावलीतले सगळे गोटे गार होते, हा कोमट होता, मुठीत धरून ठेवल्यासारखा. त्यानं तो घमेल्यात परत ठेवला. का ठेवला, हे त्याला सांगता आलं नसतं.

शुक्रवारी काच तडकली.

आता विचार करायला जागा नव्हती. सोमवारी चाळीस माणसं त्या कड्याखाली उभी राहणार होती. त्याआधी कडा आपणच सुरुंग लावून पाडायचा, एवढा एकच मार्ग होता. शनिवारी दुपारपर्यंत सूर्यभाननं भोकं मारली, लिंबाजीनं दारू भरली आणि तिघं वर आले.

घमेल्यात एक गोटा होता.

"खाली मानूस हाय, साहेब," लिंबाजी म्हणाला. "मी न्हाई उडवणार."

सुगतनं वाद घातला नाही. तो एकटा खाली उतरून सगळी खदान फिरला. पोकलेनची केबिन पाहिली, साचलेल्या पाण्याचा खड्डा पाहिला, प्रत्येक दगडाआड डोकावला. परतताना मात्र त्याला वाटलं, आपल्या बुटांचा आवाज एका पावलानं उशिरा थांबतोय. आवाज घुमतोच अशा ठिकाणी. पण तो घाबरला होता, आणि त्याला स्वतःचा रागही आला होता.

वर येऊन त्यानं स्वतःचा गोटा काढला. मग तो उरलेलाही काढला आणि ढिगात भिरकावून दिला.

"आता घमेलं रिकामं आहे, मामा."

लिंबाजीनं वाकून घमेल्यात पाहिलं. "तुमी म्हनता म्हनून," तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

कडा सुगतनं कागदावर काढला होता तसाच, गुडघ्यात मोडून बसला. धूळ निवळायला अर्धा तास गेला. तिघं पुन्हा तीन गोटे टाकून खाली उतरले. नवा उतार ऐसपैस होता, तांबडा थर ढिगाऱ्याखाली दाबला गेला होता. ढिगाऱ्यात दगडाशिवाय काही नव्हतं. सुगतच्या छातीवरचं ओझं उतरलं. सोमवारी कोणाच्या डोक्यावर काही पडणार नव्हतं.

तिघं सोबतच वर आले. लिंबाजीनं आपला गोटा काढला. सूर्यभाननं आपला काढला.

सुगतनं हात घातला. घमेलं रिकामं होतं.

लिंबाजी एक पाऊल मागं सरला, घमेल्यापासून नव्हे, सुगतपासून.

"आपल्या आधी कोन वर आलं?" सूर्यभान पुटपुटला.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. कंपनीची पांढरी गाडी वळण घेऊन गंगाखेडच्या रस्त्याला लागत होती. ड्रायव्हर दत्ता कधी न सांगता हलायचा नाही. सुगतनं त्याला फोन लावला.

"दत्ता, गाडी कुठं नेतोस?"

पलीकडे दत्ता हसला.

"साहेब, मागं बसून फोन कशाला लावायले? तुमीच म्हनले ना, लय दिवस झाले, सरळ घरी चल."