वळणावर थांबलेला बंब

पोलिसांच्या आवारात बंब एका झटक्यात चालू झाला आणि जावयाचं नशीब तिथेच फुटलं.

फिटरने बोनेट दाणकन बंद केलं. "साहेब, दोन फेऱ्या मारून आणला. काही खोट नाही. यात दोष निघाला तर मी मिशी उतरवीन!"

तपासनिसाने ते वहीत टिपून घेतलं. वाहनांच्या अपघातांची चौकशी करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि कुणाला खोटी आशा लावायची नाही एवढा एकच नियम त्याने त्यात पाळला होता. त्यामुळे लोकांना तो फारसा आवडत नसे.

जुन्या ट्रकवर बांधलेला हा आगीचा बंब गादीकारखान्याच्या आगीकडे निघाला, तो टेकडीच्या वळणावर बंद पडला. मग चालू झाला, आणि पुन्हा बंद पडला. पोचला तेव्हा छप्पर खाली आलं होतं. आत शिवणकाम करणाऱ्या दोन बायका होत्या. त्या वाचल्या नाहीत.

बंब चालवत होता जावई. अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांना सगळं गाव मामा म्हणे. त्यांची एकुलती लेक याला दिलेली, म्हणून हा सगळ्या गावाचा जावई. आता तेच गाव म्हणत होतं, की कारखान्याच्या मालकाने विम्यासाठी आग लावली आणि याला वाटेत थांबायला फितवलं. बंबात दोष निघाला नाही तर जावई तुरुंगात सडणार होता. आणि दोष काही केल्या निघत नव्हता.

तपासनीस कोठडीत गेला. जावई भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हातांना पट्ट्या.

"हात कशाने भाजले?"

"इंजिनने. तापलेलं असतानाच कार्बोरेटर खोलला ना."

"काय दिसलं?"

"वाटी कोरडी ठणठणीत. पेट्रोलचा थेंब नाही."

"फिल्टर तुंबला होता?"

"स्वच्छ होता. पण पेट्रोल दिसतं ती त्याची काच रिकामी. पाइप सोडून फुंकला, पंपाची दांडी हाताने मारून पाहिली. पंप खेचत होता साहेब, पण येतच नव्हतं काही."

"टाकीत पेट्रोल होतं का?"

"काठोकाठ. सकाळीच मामांनी स्वतः भरलं. दुसऱ्या दिवशी समिती येणार होती, बंब चालवून बघायला. एरवी आम्ही अर्ध्याच्या वर कधी भरत नाही."

"मग चालू कसा झाला?"

"तेच कळत नाही. हात टेकून बसलो, तर थोड्या वेळाने काचेत आपोआप पेट्रोल उतरलं. निघालो. वाटेत मामा दिसले, समोरून धावत येत होते. ओरडत होते, मूठ अशी हवेत फिरवत होते. मला वाटलं, पळव म्हणतायत. पळवला. पुढच्या चढावर पुन्हा बंद."

त्याने पट्टीच्या हातांनी तोंड झाकलं. "त्या दोघी ओरडल्या असतील साहेब. मी लांब होतो, मला काही ऐकू आलं नाही. पण आता रोज ऐकू येतं."

बाहेर बाकावर मामांची लेक बसली होती. ती उठून उभी राहिली. "सुटतील ना हे?"

"दोष सापडला तर."

"आणि नाही सापडला तर?"

तपासनिसाने चष्मा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

अग्निशमन केंद्रात बंबाची जागा रिकामी होती. जमिनीवर तेवढा तेलाचा डाग होता. मामा एका उलट्या बादलीवर बसले होते.

"टाकी काठोकाठ का भरलीत?"

"समिती येणार होती. पाहुण्यांना अर्धी टाकी दाखवायची का?"

"नवी गाडी मागत होतात म्हणे."

"मागून मागून जिभेला फोड आले."

"आग लागली तेव्हा कुठे होतात?"

"समितीच्या मुक्कामाची सोय बघायला गेलो होतो, गावाच्या दुसऱ्या टोकाला. भोंगा ऐकला आणि धावत सुटलो." मामा घुटमळले. "साहेब, माझा जावई तसा नाही हो. बंबच म्हातारा झालाय. तसं लिहा ना. म्हातारा आहे म्हणून थांबला."

"चाचणीत थांबला नाही."

"एकदा मला हात लावू द्या त्याला. धुऊन-पुसून देतो, चिखलाने नुसता माखलाय."

"पुरावा आहे तो. सील काढता येत नाही."

हीच विनंती मामा पोलिसांकडेही दोनदा करून आले होते. घरचा माणूस आत आणि यांना गाडी धुण्याची पडलीय, म्हणून हवालदार हसलेही होते.

तपासनीस आवारात परतला आणि बंबाभोवती फिरत राहिला. फिल्टरमध्ये घाण असती तर ती आपोआप गेली नसती. पंपाचा पडदा फाटका असता तर आजही फाटकाच राहिला असता. कडक उन्हात पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते, पण त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि वारा गार होता. मग त्या दिवशी असं काय होतं, जे आज नव्हतं?

"फिटर, चाचणीला पेट्रोल किती घातलंस?"

"एक कॅन. आधीचं सगळं काढून सील करून ठेवलंय."

"ते परत घाल. काठोकाठ."

"कशाला साहेब? पेट्रोल ते पेट्रोलच."

"घाल म्हणतो ना!"

दोघे निघाले. टेकडीच्या वळणापर्यंत बंब गुमान चालला. तिथे इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. फिल्टरची काच रिकामी होती. फिटरचा हात नकळत मिशीकडे गेला.

तपासनीस खाली उतरला आणि त्याने टाकीचं झाकण फिरवलं. टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली. बघता बघता काच पेट्रोलने भरली.

त्याने झाकण उलटं करून पाहिलं. हवा आत जाण्यासाठी असतं ते बारीक भोक कशाने तरी लिंपलं होतं. नखाने खरवडल्यावर पांढरा, बुळबुळीत कण निघाला. तो साबण होता.

संध्याकाळी केंद्रात सगळे जमले. हवालदाराने जावयाला आणलं होतं. लेक त्याच्या शेजारी उभी होती, मामा समोर.

"बाटली ओठांनी घट्ट धरून चोखत राहिलं, की थोड्या वेळाने पाणी येईनासं होतं," तपासनीस म्हणाला. "पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. भोक बुजवलं तर पंप कितीही खेचो, कार्बोरेटर उपाशीच राहतो. थोडा वेळ थांबलं, की झाकणाच्या फटीतून हवा झिरपते आणि गाडी चालू होते. थोडं अंतर जाऊन पुन्हा थांबते."

"मग चाचणीत कसा चालला?" जावयाने विचारलं.

"टाकी जवळजवळ रिकामी होती. आत भरपूर हवा, तिला ओढ जाणवतच नाही. लवकर अडायला टाकी काठोकाठ लागते. ज्याने साबण लावला त्याला हे माहीत होतं. म्हणूनच, एरवी अर्धी असणारी टाकी त्याने त्या सकाळी गळ्यापर्यंत भरली."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. मामा जमिनीकडे बघत होते.

"साबण यांनीही लावला असेल, असं कोणी म्हणेल," तपासनीस जावयाकडे वळला. "पण ज्याला साबण माहीत आहे तो झाकण फिरवतो. तापलेलं इंजिन खोलून हात भाजून घेत नाही. मामा, रस्त्यात तुम्ही मूठ फिरवत होतात. 'पळव' म्हणत होतात का?"

"नाही." मामांची मूठ पुन्हा तशीच हवेत फिरली. "झाकण... झाकण उघड, म्हणत होतो."

जावयाने आपल्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"समितीसमोर बंद पडावा, एवढंच हवं होतं मला. नंतर टाचणीने भोक मोकळं करणार होतो. अर्ज ऐकत नाहीत, म्हटलं डोळ्यांनी तरी बघा. आग त्याच दिवशी लागेल असं कोणाच्या मनात येतं? धावलो. माझ्या समोरून गेला बंब. पुढे अडला तिथे पोचेपर्यंत पाय गेले, आणि तोवर छप्पर..." त्यांनी लेकीकडे बघायचा प्रयत्न केला. "वाटलं, चौकशीत बंबाचं म्हातारपण निघेल. हाही सुटेल आणि नवी गाडीही येईल. मग तो आवारात चालू झाला आणि माझी वाचाच गेली."

"बाबा," लेक म्हणाली, "हे कोठडीत होते. तुम्ही रोज आमच्याकडे जेवत होता."

मामा उठले आणि हवालदाराने न सांगताच त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

जावई सुटला. समितीने अहवाल वाचला, आणि त्यातलं एकच वाक्य तिला पटलं: बंबात यांत्रिक दोष आढळला नाही. नव्या गाडीची मागणी फेटाळली गेली.

तपासनिसाने वरिष्ठांना फोन केला. "साहेब, त्या बंबाचे ब्रेक उतारावर धरत नाहीत. मी अहवालात शेवटी लिहिलं होतं, ते वगळलंय."

"बंब का थांबला एवढंच तुम्हाला विचारलं होतं," वरिष्ठ म्हणाले. "तो थांबत नाही, हे कोणी विचारलं?"

तपासनीस केंद्रात गेला. बंब आपल्या जागी परत आला होता. जावई गणवेशात चाकापाशी वाकून काही तरी आवळत होता. कामावर हजर होण्याचा हुकूम सुटकेबरोबरच हातात पडला होता.

"नाही म्हण," तपासनीस म्हणाला.

"मग कोण जाणार? आग लागायची थांबते का?"

लेक दारात उभी होती, हातात डबा. "बाबांना भेटायला निघालेय. पहिलं हेच विचारतील, नवी गाडी येतेय का म्हणून. काय सांगू?"

"येतेय म्हणून सांग," तपासनीस म्हणाला.

मग तिने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"माझं खोटं ते लगेच ओळखतात," ती म्हणाली आणि रस्त्याला लागली.