परतीचा रकाना

मुरुडच्या बंदरावर मच्छीमार सोसायटीचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक काउंटर आणि काउंटरवर एक संगणक. त्यात होड्यांची शीट: होडी कुणाची, माणसं किती गेली, सुटली कधी, परतली कधी. संध्याकाळी सातला शीटमधला मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, आपोआप चाले आणि जिचा परतीचा रकाना रिकामा, तिचं नाव गस्तीवाल्यांच्या फोनवर जाई. हे सगळं ऑफिस सांभाळणाऱ्या हर्षदने बसवलेलं, आणि त्याला त्याचा कोण अभिमान!

गावाने त्या अभिमानावर पाणी ओतलं. होडीला 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, ही कोळणींची रीत. मग परतीचा रकाना रिकामा ठेवणं त्यांना कसं बघवणार? पहाटे होडी सुटली की घरची बाई काउंटरवर येऊन त्यात 'आली' असं टाइप करून मोकळी. हर्षद ओरडे, बायका हसत.

गेल्या वर्षी त्याच्या थोरल्या भावाची, चंदरची होडी चार माणसं घेऊन गेली ती गेलीच. रकान्यात 'आली' होतं, म्हणून सातचा मॅक्रो गप्प बसला. शोध सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. गावाने बोट दाखवलं चंदरच्या बायकोकडे, मृणालकडे.

"मी न्हाय लिवलं," ती सांगत राहिली. "मला ताप व्हता. मी घराभायेर पडलेच न्हाय."

तापात आली असशील, ध्यानात नसेल, असं बायका म्हणाल्या. तिच्या पाटीतली मासळी कुणी घेईना. ऐकून ऐकून तिलाही तसंच वाटू लागलं. हर्षद मात्र त्यावर कधी काही बोलला नाही.

या मोसमात त्याने शीटला कुलूप घातलं. पहिल्याच दिवशी कुलपामुळे मॅक्रोही अडून बसला, म्हणून त्याने मॅक्रोलाच पासवर्ड देऊन टाकला. तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, परत आल्यावर बटण दाबायचं; मॅक्रो कुलूप काढणार, वेळ लिहिणार, नोंद कुणाची ते लिहिणार, पुन्हा कुलूप लावणार. माणसाच्या बोटाला परतीचा रकाना बंद, जुन्या ओळी तर पूर्णच बंद.

"रिता रकाना बघून दर्या काय समजंल?" चांगदेव तांडेलाची बायको म्हणाली.

"दर्याला संगणक वाचता येत नाही," हर्षद फटकन बोलला.

चौथ्या दिवशी चंदरच्या गेल्या वर्षीच्या ओळीत पुन्हा 'आली' दिसलं. शोध सुरू झाला त्या दुपारनंतर गस्तीवाल्यांसाठी त्याने स्वतःच तो शब्द पुसला होता. ओळ काढून टाकायला हात धजला नव्हता. तो तडक वहिनीकडे गेला.

"वहिनी, ऑफिसात आला होतात?"

"वरीस झालं, भावजी. त्या दाराची पायरी चढले न्हाय."

त्याने शब्द पुसला, पासवर्ड बदलला, मॅक्रोतही नवा घातला. दुसऱ्या दिवशी शब्द परत जागेवर. मग त्याने शब्द पुसून बटणच काढून टाकलं, इंटरनेटची वायर उपटली आणि दार आतून लावून संगणकासमोर बसून राहिला. बाहेर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता.

संध्याकाळी पाचच्या सुमारास अक्षरं उमटली. एकेक करून.

आली.

मग शेजारचा रकाना. नोंद: हर्षद, पहाटे ५.१०.

ते खरं होतं. गेल्या वर्षी त्या पहाटे वहिनी आली नव्हती. सगळ्या होड्यांपुढे 'आली', एक भावाचीच जागा रिकामी. गावाला नियम शिकवणारा तो शेवटी कोळ्याचंच पोर. राहवलं नाही, त्यानेच 'आली' टाइप केलं. आणि मग वर्षभर त्याने वहिनीला जळू दिलं. भ्याड, दुसरं काय!

तो पुसायला गेला. पासवर्ड चुकीचा.

पुन्हा. चुकीचा.

सात वाजले. वायर जमिनीवर पडलेली, आणि मॅक्रो चालला.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. त्याने उघडलं. मृणाल होती, हातात फोन. आजचा निरोप, चंदरची अख्खी ओळ नोंदीसकट, गस्तीवाल्यांना नव्हता, तिला आला होता.

"भावजी, ह्ये तुमी लिवलं व्हतं?"

त्याने मान हलवली. हो.

ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. वर्षाने ती पायरी चढून आत आली, पडद्याकडे बघत राहिली.

"चारच मान्सं गेलती ना?"

हर्षदने पाहिलं. चंदरच्या ओळीत, कुलूपबंद रकान्यात, गेलेली माणसं: पाच. पाचवा अजून किनाऱ्यावर होता, त्या काउंटरमागे.