तिसरा कॉड

टबीता पाण्यासाठी बर्फ आणायला निघाली तेव्हा दुपार होती. दुपार म्हणजे काय, तर डोंगरामागे निळसर उजेड जरासा झिरपलेला. नाताळाच्या कितीतरी आधीपासून सूर्यानं त्या खाडीकडे पाठ फिरवली होती. ठेंगण्या दारातून वाकून तिनं डोकं बाहेर काढलं आणि तिथेच थबकली.

उंबऱ्याशी तीन कॉड मासे होते. मोठाली डोकी घराकडे, शेपट्या समुद्राकडे, हनुवटीखालची एकुलती मिशीसुद्धा गोठून ताठ. भोवती ताजा, भुसभुशीत बर्फ, आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. कुत्री चार दिवसांची उपाशी, पण एकानंही तोंड लावलं नव्हतं. लांब भिंतीशी अंग चोरून ती नुसती बघत होती.

कोणी ठेवले, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही. मासे उराशी धरले आणि आत वळली.

त्या हिवाळ्यात वस्तीवर उपासमार होती. वाऱ्यानं समुद्र धड गोठू दिला नव्हता. वर चालावं तर बर्फ पायाखाली फुटे, कयाक, कातड्याची अरुंद होडी, पाण्यात घालावी तर बर्फाच्या तुकड्यांत चिरडली जाई. सील कुणी पाहिला नव्हता, आणि गळ टाकायलाही कुणाला जाता येत नव्हतं.

टबीताचा बाप एनोक एकेकाळचा नावाजलेला सीलमाऱ्या. तिचा नवरा यूकुमही कयाक घेऊन जायचा. पण एका निवांत, आरशासारख्या पाण्यावर त्याला भोवळ आली, आणि त्यानंतर कयाकीत बसलं की त्याचे हात लुळे पडत. मग तो किनाऱ्यावर उभा राहून, दोरीला दोन हलके हिसके देत आणि थांबत, गळानं कॉड धरायला लागला. ते काम म्हाताऱ्यांचं, पोराबाळांचं. शरद ऋतूत एनोकनं सील मारला, सगळ्यांना जेवायला बोलावलं, प्रत्येकाला मांस वाढलं, आणि जावयाच्या पुढ्यात उकडलेल्या कॉडचं डोकं ठेवलं.

"खा जावईबापू," तो म्हणाला. "ज्याचं त्याला लखलाभ."

घर हसून हसून लोटपोट झालं. यूकुमनं ते डोकं शेवटच्या काट्यापर्यंत चोखून खाल्लं, हात पुसले आणि बाहेर गेला. तो गेला तो गेलाच. लोक म्हणाले, डोंगरात गेला. मनाला असं लागून जो डोंगरात जातो तो पुन्हा माणसांतला राहत नाही. त्याला हाक मारायची नसते.

मासे पाहून एनोक पहिल्या दिवशी थुंकला. "मला नको असल्या हातचं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. तिसऱ्या दिवशी भुकेनं त्याचा पीळ सोडवला. टबीतानं आणि पाच वर्षांच्या निवीनं एकेक खाल्ला, तिसरा त्यानं ओढला.

"तीनच का, कळलं?" ओठ चाटत तो म्हणाला. "माझा वाटा धरून. अजून टरकतो मला."

मग रोज तेच. मायलेकींच्या गालांवर जरा रंग आला. पण म्हातारा अख्खा मासा खाऊनही सुकत चालला. "पोटात काही राहतच नाही गं," तो कुरकुरायचा. "वाऱ्यासारखं जातं."

एका दुपारी तो झोपला असताना बाहेर बर्फ करकरला. कुत्र्यांनी हूं की चूं केलं नाही. भिंतीच्या फटींतून ओल्या कातड्याचा आणि खाऱ्या पाण्याचा वास आत आला. निवीला मांडीशी घट्ट धरून टबीता भिंतीजवळ सरकली.

"यूकुम…?"

मग अगदी खालून, जमिनीलगत, आवाज आला. तोंडात बर्फ धरून बोलावं तसा.

"पुरतात का… तिघांना?"

"पुरतात. मला, निवीला… बाबांना."

"बाबाला मी दिलेलं नाही."

"मग तिसरा… कुणाचा?"

करकर दूर गेली. वास मात्र संध्याकाळपर्यंत घरात राहिला.

दुसऱ्या दिवशी सुईण बोलेतमावशी दिव्यासाठी चरबी मिळते का बघायला आली. टबीतानं तिला सगळं सांगितलं. म्हातारीनं तिच्या पोटावर हात ठेवला, दाबला, आणि तिथेच राहू दिला.

"पोरी… चौथा महिना सरत आलाय."

"काहीतरीच! उपासानं थांबलंय मावशी."

"उपासानं थांबतं. हलत नाही."

टबीताला स्वतःला ठाऊक नव्हतं, ते बाहेरच्याला ठाऊक होतं. आणि बाबा इतके दिवस कुणाच्या तोंडचा घास…

संध्याकाळी एनोकनं माशाला हात घातला, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं.

"तो तुमचा नाही बाबा."

"मग कुणाचा?"

तिनं पोटावर हात ठेवला. म्हाताऱ्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माशाकडे. चेहरा राखेसारखा झाला.

"म्हणजे मला त्यानं… एकदाही नाही?"

"नाही."

"आणि तूसुद्धा मला उपाशी मारणार?"

"माझ्यातला अर्धा घ्या."

"भीक नको!" तो ओरडला. मासा मात्र त्यानं हळूच, काच ठेवावी तसा, खाली ठेवला.

वारा पडला होता आणि खाडी अखेर गोठली होती. दुसऱ्या दिवशी उजेड झिरपताच एनोकनं जावयाचा गळ खुंटीवरून काढला. "मासे कुणालाही धरता येतात," एवढं बोलून तो सगळ्या वस्तीदेखत बर्फावर चालत गेला. कुणी हसलं नाही. हसायला अंगात बळ कुणाच्या होतं?

तो लांब जाऊन बसला. टबीता आणि बोलेतमावशी किनाऱ्यावरून बघत होत्या. थोड्या वेळानं मावशीनं तिचा दंड धरला.

"समोर कोण बसलंय गं त्याच्या?"

दोन काळ्या आकृत्या होत्या. गुडघ्याला गुडघा लावून, मध्ये खाली बघत. दोघांच्या बोलण्याचा आवाज बर्फावरून येत होता, शब्द नाही. मग म्हातारा हसला. कितीतरी महिन्यांनी हसला.

टबीता धावत सुटली. पोटाला हात लावून, घसरत, उठत. पोचली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. म्हाताऱ्याचे हातमोजे शेजारी शेजारी ठेवलेले. बर्फ चहूकडे अखंड, जाड. मध्ये एकच भोक, वाडग्याच्या तोंडाएवढं. त्यातून माणसाचा हात गेला असता, खांदा नाही.

"बाबा…!"

भोकावर आडवी काठी ठेवलेली होती आणि तिला बांधलेली गळाची दोरी खाली काळ्या पाण्यात गेली होती. टबीतानं ती धरायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

दोरी खालून हलत होती. मासा तडफडतो तशी नाही. दोनदा हलके हिसके, मग थांबणं. पुन्हा दोनदा, पुन्हा थांबणं. वर बसलेल्यानं गळाला लागावं म्हणून पाण्याखाली कुणीतरी दोरी धरून, सवयीच्या हातानं, शांतपणे, वाट पाहत बसावं तशी.