गिधाडमाळावरची तालीम

पुढच्या वर्षी दोन ऑगस्टला इजिप्तच्या वाळवंटावर भर दुपारी सूर्य पुरता झाकला जाणार होता. सहा मिनिटं वीस सेकंद! एवढं लांब खग्रास ग्रहण पुन्हा आयुष्यात मिळायचं नव्हतं. त्या सहा मिनिटांची तालीम करायला निता राठोडनं यंदाच्या मे महिन्यातली एकवीस तारीख धरली, आणि जागा धरली गिधाडमाळाची.

तारीख मुद्दाम धरली होती. लक्सरजवळ ग्रहणाच्या वेळी सूर्य जवळजवळ माथ्यावर असणार. दुर्बीण सरळ वर रोखायची म्हणजे मान अवघडते, स्टँड डगमगतो आणि एवढा मोठा सूर्य, पण तो काही केल्या नळीत सापडत नाही! वाशीम जिल्ह्यात पावसाळ्याआधी सूर्य असा नेमका माथ्यावर येतो तो मेच्या या एक-दोन दिवसांतच. त्या दुपारी उभ्या काठीला सावली नसते. उंची तीच, ऊनही तसंच. निता जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मोहिमेची आखणी तिनं वहीत मिनिटामिनिटाची केली होती.

दुर्बीण मात्र जिनदासकाकांची. शिरपूर जैनला त्यांचं चष्म्याचं दुकान. वय त्रेसष्ट. दुकानाच्या मागच्या खोलीत चौदा महिने काच घासून त्यांनी आठ इंची आरसा स्वतःच्या हातानं घडवला होता. नव्याण्णव साली ढगांनी त्यांचं ग्रहण खाल्लं, दोन हजार नऊला पावसानं.

"आता हे तिसरं," ते निताला म्हणाले होते. "चवथं माह्या नशिबात नाई. फोटो काढल्याबिगर मी वापस येत नसतो."

वाट दाखवायला निताची आई रामीबाई आली होती. पोहरादेवीजवळच्या तांड्यावर तिचं सगळं आयुष्य गेलं. अर्धं वर्ष ऊसतोडीला, अर्धं या रानात मोहफुलं आणि चारोळी वेचत. निता तिला याडी म्हणायची, तांड्यावर सगळेच आईला याडी म्हणतात.

सकाळी साडेसातला इंझोरीच्या पुढे काकांची व्हॅन लावून तिघं निघाली. वनरक्षक संघदीपनं फोनवर परवानगी दिली होती, पण एका अटीवर. रान वाळून कोळ झालंय, काडीपेटीसुद्धा आत न्यायची नाही! रामीबाईनं कमरेची चंची काढून काडीपेटी गाडीत ठेवली. निता नळी घेऊन पुढे झाली. रामीबाईनं लोखंडी स्टँड डोक्यावर चढवला. आरशाची पेटी काकांनी कुणाच्याही हाती दिली नाही.

पहिला तास बरा गेला. पळसाला नवी हिरवी पानं होती, सागाचा मात्र नुसता सांगाडा उरला होता. पायाखाली त्याची परातीएवढी वाळलेली पानं कडाकडा मोडत होती, आणि लांब कुठंतरी एक मोर उन्हाला कंटाळल्यासारखा एकदाच ओरडून गप्प बसला. मग चढ लागला. मुरूम निसरडा. काका दर वीस पावलांवर थांबू लागले.

"शेटजी, द्या ती पेटी इकडे," रामीबाई म्हणाली.

"नाई, नाई. सवय करून राह्यलो मी."

"कायची सवय? मराची?"

निता हसली नाही. तिनं घड्याळ पाहिलं. वहीत लिहिल्यापेक्षा चाळीस मिनिटं उशीर झाला होता. दहा लिटरच्या कॅनमधलं अर्धं पाणी संपलं होतं. 'इथूनच फिरावं का?' एकदा मनात आलं. पण काकांचा चेहरा बघून ती पुढे चालू लागली.

गिधाडमाळ म्हणजे टेकडीच्या डोक्यावरचं सपाट पठार. झाड नाही, झुडूप नाही. गुडघ्याएवढं पिवळंधमक कुसळी गवत, आणि त्यावरून सरकत जाणारा गरम वारा. पश्चिमेकडून पाऊलवाट वर येते. पूर्वेला पठार एकदम तुटतं आणि खाली नाल्याची घळ आहे. रामीबाईनं विळ्यानं अंगणाएवढं गवत कापलं, तिथं स्टँड उभा राहिला. बारा वाजून पाच मिनिटांनी दुर्बीण सूर्यावर रोखली गेली!

तालीम साधी होती. नळीच्या तोंडावर सूर्याचं काळं फिल्टर. खग्रास लागलं की ते काढायचं, संपायच्या आत परत लावायचं. त्यात चूक झाली तर डोळा गेला! आज सूर्य उघडाच होता, म्हणून काकांनी फिल्टरच्या आत पुठ्ठ्याची एक चकती टेपनं नळीला चिकटवली होती. फिल्टर निघालं तरी प्रकाश आत शिरणार नाही.

"पहिली शिट्टी, मी फिल्टर काढते," निता म्हणाली. "मी 'बघा' म्हटल्याशिवाय डोळा लावायचा नाही."

"हाव, हाव. पाठ झालं मले."

डोक्यावर घ्यायचं काळं फडकं काकांनी दुर्बिणीच्या कडेला, भिंगासमोर अडकवलं. बारा सतरा झाले. निताची नजर सहज खाली गेली. स्टँडच्या पायांना सावली नव्हती! याडीच्या पायाशी नाही, तिच्या स्वतःच्या पायाशीही इवलासा डाग तेवढा. वर्गात कितीदा शिकवलेलं. पण डोळ्यांनी असं पहिल्यांदाच पाहत होती. तिनं शिट्टी फुंकली, हात वर नेला आणि न बघताच फिल्टर ओढलं.

"बघा!"

उन्हानं टेप वितळली होती. फिल्टरबरोबर पुठ्ठाही निघून आला होता.

काका वाकले. त्यांचा डोळा भिंगापासून वीतभर राहिला असेल. तेवढ्यात रामीबाईला काळ्या फडक्यावर एक पांढरा ठिपका दिसला, आणि त्यातून निघणारी धुराची रेघ.

"शेटजी!"

तिनं मागून त्यांची कॉलर धरली आणि हिसका दिला. काका पाठीवर आपटले. त्यांचा पाय स्टँडला लागला, दुर्बीण तिरपी झाली. फडकं सुटलं. वाऱ्यानं ते उचललं, गिरकी दिली आणि कापलेल्या जागेच्या पलीकडे नेऊन टाकलं.

क्षणभर काहीच झालं नाही.

मग गवतानं भप्कन पेट घेतला!

निता धावली. कॅन उपडा केला. पाच लिटर पाणी! आगीनं ते गिळलं आणि दोन्हीकडून वळसा घातला. रामीबाई स्टँडखालची गोणपाटाची घडी घेऊन झोडपत होती. एक ज्वाळ विझे, तीन उठत. वारा मिनिटाला दिशा बदलत होता. आग आधी पश्चिमेकडे पळाली, पाऊलवाटेवर गेली आणि वाट बंद झाली. मग वारा फिरला. आता ती त्यांच्याकडे तोंड करून येत होती.

"सोड निता!" रामीबाई ओरडली. "हे आपल्या हातची नाई राह्यली. घळीकडे पळ!"

"काका कुठंयत?"

काका दुर्बिणीपाशी गुडघ्यावर बसले होते. हातात पेचकस. आरशाचे स्क्रू काढत होते!

निता मागे फिरली. धुरानं डोळे चुरचुरत होते, तोंडात राख. तिनं त्यांचा दंड धरला.

"एकच राह्यला! एकच स्क्रू!"

"काका, उठा!"

"चवदा महिने, निता! चवदा महिने घासला मी..."

स्क्रू निघाला. आरसा छातीशी धरून काका उठले आणि दोघं पळाली. मागं नळीचा रंग तडतडू लागला. पळताना निताच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: मी बघितलं नाही. मी बघितलंच नाही.

कड्याच्या टोकाशी रामीबाई पालथी पडून खाली बघत होती. चार पुरुष खोल तुटलेला खडक. एका जुन्या उंबराची मुळं खडकाला घट्ट बिलगून खाली उतरत होती, शेवटी दगडगोटे आणि नाल्याची वाळू.

"मुळी धरून उतराचं. दोनी हातानं," ती म्हणाली. "मी आंधी. माह्या पायाकडे ध्यान दे आन तसेच पाय ठेव."

साठीला टेकलेली ती बाई सरसर खाली गेली. मग काका. त्यांनी एका हातानं मूळ धरलं. दुसऱ्या हाताच्या बगलेत आरसा.

"काका, दोन्ही हात!" निता वरून ओरडली.

"जमते... जमते..."

अर्ध्यावर त्यांचा पाय घसरला. ते एका हातावर लोंबकळले! मूळ करकरलं. खाली रामीबाई हात वर करून उभी, पण ती पोचणार नव्हती. निताच्या मानेमागं आगीची धग आली. वेणीचा जळका वास तिला स्वतःलाच आला. पालथी पडून तिनं हात खाली सोडला. तोही पोचेना.

"काका," ती म्हणाली. आता ती ओरडली नाही. "सोडा तो."

काकांनी वर पाहिलं. घामानं चष्मा नाकावरून घसरला होता. त्यांनी एकदा बगलेतल्या आरशाकडे पाहिलं. त्यात निळं आभाळ होतं आणि कडेला धूर. मग त्यांनी हात सैल केला.

खाली दगडावर काच फुटल्याचा आवाज आला. काकांनी दोन्ही हातांनी मूळ धरलं.

निता उतरली तेव्हा वरच्या कड्यावर ज्वाळा डोकावत होत्या. ठिणग्या पावसासारख्या पडत होत्या. रामीबाई नाल्याच्या वळणावर, जिथं जांभळाची सावली होती तिथं, दोन्ही हातांनी वाळू उपसत होती. हातभर खाली ओल लागली. आणखी वीतभर, आणि गढूळ पाणी झिरपू लागलं! तिनं लुगड्याचा पदर भिजवून दोघांच्या तोंडावर टाकला. तिघं ओल्या वाळूत पालथी पडून राहिली. वरून आग अर्धा तास गरजत गेली. निता फक्त काकांचा श्वास ऐकत होती. मध्येच तो अडके, आणि ती त्यांचा हात घट्ट दाबे.

आवाज लांब गेला तसे काका उठून बसले. ओठ फुटले होते. त्यांनी खिशातला रुमाल काढला, चौपदरी केला आणि त्या खड्ड्यातलं पाणी गाळून मगच प्यायले.

"आता तरी तसंच प्या ना, शेटजी!" रामीबाई म्हणाली.

"सवय आहे," काका म्हणाले, आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागले.

नाल्यानाल्यानं तीन तास चालत ती तिघं डांबरी रस्त्यावर आली. वनखात्याची माणसं आधीच पोचली होती. माळाच्या उत्तरेला वनखात्यानं उन्हाळ्याआधी गवत जाळून मोकळी ठेवलेली जाळरेषा होती, तिथं आग अडली होती. तांडे वाचले, माणसं वाचली, जंगलही वाचलं; गिधाडमाळ मात्र काळा ठिक्कर. संघदीप काजळलेल्या चेहऱ्यानं त्यांच्याकडे आला.

काका निताच्या कानाशी पुटपुटले, "कोनी बिडी टाकली म्हनू. तुही सरकारी नोकरी, पासपोर्ट. नाव लागलं त कुठलं इजिप्त न् काय!"

निताला ते माहीत होतं. गुन्हा नोंदला गेला तर परदेशी जायची परवानगी अडणार. वर्षभराची आखणी, तिची वही, सगळं एका वाक्यावर आलं होतं. संघदीपनं अजून काही विचारलंही नव्हतं.

"आग आमच्यानं लागली," ती म्हणाली. "दुर्बिणीतून. झाकण मी काढलं, आणि न बघता काढलं."

संघदीपनं जीपमधून पाण्याची बाटली आणून आधी काकांना दिली. "मॅडम, लिहाव तं लागनच मले," तो म्हणाला.

"लिहा," निता म्हणाली.

प्रकरण पाच महिने चाललं. जबाब झाले, जागेचा पंचनामा झाला, शाळेकडून खुलासा मागवला गेला. त्या पाच महिन्यांत निता आणि काका दर रविवारी माळावर गेले आणि वनखात्याच्या मजुरांबरोबर बी टाकलं, दगडी बांध घातले. कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस झाला, गवत उगवलं. दसऱ्याच्या आठवड्यात कागद आला: हेतू नव्हता, माहिती स्वतःहून दिली, समज देऊन प्रकरण बंद. पुढं महिन्याभरात परदेशाची परवानगीही आली.

त्या दिवशी तिघं काकांच्या दुकानात बसली होती. निता वही उघडून म्हणाली, "काका, दुसरा आरसा घासायचा तर आजपासून धरायला लागेल. आठच महिने आहेत."

काकांनी हातातली चष्म्याची काच पुसून खाली ठेवली.

"नाई," ते म्हणाले. "त्या झाडाले लटकलो होतो ना, तवा समजलं मले. दोन ग्रहनं गेली ढगात, न् तिसऱ्याच्या वक्ती मी स्क्रू न् झाकणंच पायत बसलो असतो. फोटो लोक काढतीन. मी नुसता पायतो."

नितानं वहीतलं दुर्बिणीचं पान फाडलं. मग आणखी चार पानं.

"मंग एक जागा खाली झाली म्हना की," रामीबाई दारातून म्हणाली. दुर्बीण सांभाळायला काकांचा मुलगा जिनेश बरोबर जाणार होता, ती जागा.

"याडी, तू? इजिप्तला?"

"काहून नाई? ऊस तोडाले कर्नाटकात जातो, मंग तिकडे काहून नाई? तुमी दोघं वर पायजा. मी तुमाले पायतो."

"तसं नाही चालणार," निता म्हणाली. "सहा मिनिटं तुलाही वरच बघावं लागेल."

रामीबाईनं विचार केला.

"बरं," ती म्हणाली. "पन झाकन मी काढीन."

"झाकण नाहीच आता, याडी."

"मंग त लयच बेस झालं," रामीबाई म्हणाली, आणि पासपोर्टला फोटो कुठं काढतात ते जिनदासकाकांना विचारू लागली.