दहावी पायरी

चहा घ्या, तोवर सांगतो. पटलं तर ठेवा, नाही तर कपाबरोबर परत करा.

पोखर्णीच्या अलीकडं आमचं शेत, शेतात जुनी बारव. दिवाळीनंतर मोटारीचा फुटवाल, म्हणजे पाइपाच्या तळाची पाणी ओढणारी झडप, पानांनी तुंबला, पाणी येईना. तो साफ करायला सांजेला मी आणि भुजंग निघालो. भुजंग मानवतला गणिताच्या शिकवण्या घेतो. जुना दोस्त. माझ्या थापा माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ.

बारवेला पायऱ्या दहा, दहावी पाण्याखाली. रीत अशी, की उतरताना मोठ्यानं मोजायचं, चढताना उलटं. दहा म्हणेपर्यंत कोणी माघारी वळायचं नाही. माझी चुलती धुरपताबाई सांगायची, मधूनच वळलं की बारव माणूस ठेवून घेते.

भुजंगनं काडीनं मातीत ते मोजणं सलग लिहिलं: १२३४५६७८९१०९८७६५४३२१.

"वीस आकडी. एक आन् ती स्वतः सोडून कशानंच भाग जात न्हाई. म्हाताऱ्यांनी कडी लावून ठेवलीय बघ."

"आन् दहा गाळलं तर?"

त्यानं मधलं दहा आणि त्याच्या पुढचा नऊ चपलेनं पुसला. उजव्या चपलेच्या अंगठ्याला हिरव्या वायरचा टाका होता. "नऊवरनंच वळलं की नऊ एकदाच. मग अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, गुणिले परत तेवढेच. तीच ती, दोनदा."

मोजत उतरलो. खाली शेवाळ आणि वटवाघळांचा वास. नवव्या पायरीवर थांबून त्यानं माझा डावा हात धरला.

"सोडू नको रे," मी म्हटलं.

"मी हाय की."

मी पाण्यात पाय टाकला, वाकून उजवा हात पानांत घातला. 'नऊ'पर्यंत आमचे दोन आवाज होते. 'दहा' मी एकट्यानंच म्हटलं.

वरून ऐकू आलं, "आठ... सात..." भुजंग चढत होता.

माझा डावा हात मात्र अजून कोणीतरी धरून होतं.

"भुजंगा...?"

पकड गार, पण त्याचीच. भुजंगची करंगळी वाकडी, हीही तशीच. मी हिसका मारला आणि उलटं मोजत वर आलो. भुजंग मोटारसायकल चालू करून बसला होता. माझ्याकडं बघेना.

"मला सोडून आलास व्हय?"

"पायाला गार लागलं कायतरी. भ्यालो. नऊवरच हात सोडला तुझा."

मग खालून अगदी हळू आवाज आला, त्याच्याच गळ्यातला. "सोडला न्हाई गड्या... मी हाय की."

भुजंगनं गाडी पळवली. मीही मागं बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी बारवेत वाकून पाहिलं. नवव्या पायरीवर ओल्या चपलांचा जोड होता, उजव्याला हिरव्या वायरचा टाका. आणि भुजंग आला तेव्हा त्याच्याही पायांत तोच जोड.

मी त्याच्यापुढं चहाचा कप सरकवला. ज्यानं मला सोडलं, तो रोज इथं येऊन, तुम्ही बसलात तिथंच, चहा पितो. ज्यानं सोडलं नाही, त्याच्याकडं जायची माझी छाती नाही.

काल पुन्हा पाहिलं. चपला आठव्या पायरीवर होत्या, वर तोंड करून.