अठ्ठेचाळीस पिंपं आणि एक घोडा

चेकरबाईंच्या कचेरीला सहा चाकं होती, पण गेल्या चौदा महिन्यांत त्यांतलं एकही फिरलं नव्हतं.

साथ आली आणि सरहद्द बंद झाली, त्या दिवशी पलीकडे जाणारी बस नाक्याच्या आवारात उभी होती. ती उभीच राहिली. प्रवासी घरी गेले. मागे राहिले दोघं. एक, बावीस वर्षं तिकिटं तपासून फुकट्या प्रवाशाला नुसत्या पाठीवरून ओळखणाऱ्या चेकरबाई, आणि दुसरे त्या बसचे ड्रायव्हर स्टेअरिंगराव. बाईंनी ट्रकवाल्यांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायला सुरुवात केली आणि बघता बघता बसची कचेरी झाली. स्टेअरिंगराव सवयीने ड्रायव्हरच्याच जागेवर बसत आणि बॅटरी उतरू नये म्हणून रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत. तपासात त्यांचा वाटा एवढाच होता, असं बाई म्हणत.

त्या दिवशी दुपारी दोनला मामी बसच्या पायरीवर आल्या. नाक्यावरचे सगळे ज्यांना मामा म्हणत, त्या ट्रकड्रायव्हरच्या ह्या पत्नी. ट्रक मामींच्या नावावर होता आणि मामा त्यांच्या गळ्यात होते, असं त्याच सांगायच्या. आज मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाई, आमच्या ट्रकमध्ये घोडा सापडला!"

"जिवंत?" स्टेअरिंगराव दचकून उभे राहिले.

"लाकडी हो! पण नाक्याच्या साहेबांनी संगणकात 'घोडा' असं भरलं, तर तो मेला संगणक गुरांच्या डॉक्टरचा दाखला मागतोय. घोड्याला चौदा दिवस वेगळं ठेवा म्हणतो."

बाईंना हसू आवरेना. मग मामींचा चेहरा पाहून त्यांनी मास्क नीट केला. "घोड्याचं राहू दे. मामांचं काय?"

"चार वाजता साहेब त्यांचा पास रद्द करणार. चोरून माल आणला म्हणे. अठ्ठावन्नाव्या वर्षी पास गेला तर त्यांना कोण गाडीवर घेणार? चाक सुटलं की हा माणूस खचेल, बाई. मला ठाऊक आहे."

बाईंनी तिकिटांची पेटी बगलेत मारली. "चला, स्टेअरिंगराव. दोन तास आहेत."

आवाराच्या मधोमध जाड पिवळा पट्टा रंगवला होता. साथीमुळे ना अलीकडचा ट्रक पट्टा ओलांडायचा, ना पलीकडचा. दोन्ही गाड्या पट्ट्याशी पाठीला पाठ लावून उभ्या राहत आणि आवाराचा मुकादम एकटा माल इकडून तिकडे करी. तोवर ड्रायव्हरांनी काचा चढवून केबिनमध्येच बसायचं. शेवटी रिकाम्या ट्रकमध्ये फवारणी, आणि ज्याने त्याने आपल्या घरी जायचं.

साहेब खिडकीमागे बसले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना नियमांचा फार लळा होता. त्यांच्या खिडकीभोवतीची भिंत सूचनांनी भरून गेली होती.

"सरळ आहे," ते म्हणाले. "कारखान्यात सील लागलं. बाराला माझ्या डोळ्यांदेखत तोडलं. नंबर जुळला. मुकादमाने पिंपं हलवली, पावणेएकला फवारणीचा भोंगा झाला, मुकादमाने दार लावलं. सव्वाला फवारणी संपली, मी ट्रक तपासायला गेलो, तर आत घोडा! म्हणजे तो कारखान्यापासूनच आत होता."

"मालाच्या यादीत काय होतं?"

"जंतुनाशकाची पिंपं. अठ्ठेचाळीस."

"आणि पिंपं हलू नयेत म्हणून लावलेली लाकडं?"

"आधाराची लाकडं आम्ही मोजत नाही. तो माल नव्हे. पूर्वी ती सरहद्दीच्या कुंपणापलीकडे टाकून द्यायचो, ज्याला हवी तो नेई. आता सोमवारपासून नवीन सूचना आहे." साहेबांनी अभिमानाने भिंतीकडे बोट केलं. 'नंबर घातलेली लाकडं टाकू नयेत. रिकाम्या ट्रकमध्ये नंबराप्रमाणे जोडून घ्यावीत आणि दुसऱ्या गाडीत बसवावीत.' खाली साहेबांची झोकदार सही.

"वा," बाई म्हणाल्या. "अगदी स्पष्ट आहे."

घोडा खिडकीशेजारी उभा होता. कमरेइतका उंच, बिनरंगाचा, पायांखाली झुलायच्या दोन वाकड्या फळ्या. डोळ्यांच्या जागी आरपार भोकं. पाठीवर फवारणीचे पांढरे डाग वाळले होते. बाई खाली वाकल्या. पोटाखाली आणि पायांच्या आतून पेन्सिलीने काही आकडे लिहिले होते.

"किंमत असेल," स्टेअरिंगराव म्हणाले.

बाईंनी पायातली एक खुंटी हलवून बाहेर काढली. खुंटीच्या डोक्यावर काळा डाग होता. ती बसवली होती ते भोक मात्र आतून कोरडं आणि स्वच्छ होतं. बाईंनी खुंटी परत बसवली.

"आम्ही ठोकून पाहिलं," साहेब म्हणाले. "पोट भरीव आहे. आत काही नाही."

मामा केबिनमध्ये काचेआड बसले होते. त्यांनी खिडकीची काच चार बोटं खाली केली आणि तोंड उघडताच गर्जना केली. "घोडा आणायचा असता तर मी त्याच्यावर बसून आलो असतो! आत कशाला कोंडू?"

"आवाज खाली," मामी म्हणाल्या. "आधीच घसा बसलाय."

"माल भरताना तुम्ही होतात?" बाईंनी विचारलं.

"मला कोण आत सोडतंय? हल्ली कुणी जाऊन बघत नाही. प्रत्येक रांग लावली की फोटो काढतात आणि धाडतात. साहेबांनाही गेलेत, पण ते उघडतील तर ना!" मामांनी फोन काचेला चिकटवला.

बाई एकेक फोटो पाहत गेल्या. केबिनच्या भिंतीपासून दारापर्यंत पिंपांच्या बारा रांगा, एका रांगेत चार. पिंपं भिंतीला टेकलेली, मधे हात शिरेल एवढीही फट नाही. पिंपांखाली त्यांच्या गोलाईला बसणारी वाकडी लाकडं, मधेमधे खुंट्या बसवलेल्या फळ्या. एका फळीच्या भोकांतून दोरी ओवलेली.

"तुम्हाला काय दिसतंय, स्टेअरिंगराव?"

"पिंपं."

"बरोबर. आणि घोडा?"

"घोडा कुठे दिसतोय?"

"तेच म्हणते मी," असं बोलून बाई पुढे निघाल्या.

फवारणीवाल्याच्या पांढऱ्या पोशाखाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'फवारा' लिहिलं होतं, कारण त्या पोशाखांत सगळेच सारखे दिसत.

"मी वीतभर दार उघडलं, नळी आत घातली आणि पंप सुरू केला," तो म्हणाला. "आत पाऊल टाकलं नाही. चष्म्यावर ही वाफ! आत हत्ती असता तरी मला दिसला नसता."

मुकादम पट्ट्याजवळ उभा होता. अंतर राखायला जमिनीवर गोल काढले होते, त्यांतल्या एका गोलात. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी तो गोलात उभा होता. सांगितलेलं काम अक्षरशः तसंच करण्यात या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. कमरेच्या पट्ट्याला काळ्या रबराचा हातोडा लटकत होता.

"पिंपांची शेवटची रांग काढली, बाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आणि तिच्या मागे हा उभा. मला वाटलं मामांचा असेल."

"केबिनच्या भिंतीला लागून?"

"हो. तिथंच."

बाईंनी पलीकडच्या ट्रकमध्ये डोकावलं. पिंपं नुसत्या दोरीने बांधली होती. "आधाराची लाकडं लावली नाहीत ती?"

मुकादमाने कमरेचा हातोडा चाचपला. "भोंगा झाला ना. वेळच मिळाला नाही."

एवढ्यात कुंपणापलीकडून दोरीला बांधलेला ट्रे घसरत आला. त्यात चहाचे कप होते. पलीकडच्या टपरीवरची चहावाली ताई दोरी सोडत होती. कडेवर एक गुटगुटीत मुलगी, मागे गॅसच्या निळ्या ज्योतीवर किटली.

"मुकादमकाका," तिने हाक मारली, "आज लाकडं टाकायची राहिली का हो?"

मुकादम गोलातल्या गोलात पाठमोरा झाला. बाईंनी कप उचलला.

"मुलगी केवढी गं?"

"आज वर्षाची झाली. बस बंद झाली तेव्हा पोटात होती. हिचा सगळा गोतावळा फोनच्या आतच आहे. ना माणूस येत, ना पार्सल. पार्सलंसुद्धा तुमच्या बसच्या टपावरूनच यायची ना!"

बाईंनी एकदा गॅसकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि चहा सावकाश संपवला.

"स्टेअरिंगराव, सगळ्यांना पट्ट्यापाशी बोलवा. साहेबांना म्हणावं, येताना घोडा आणा."

चारला दहा मिनिटं होती. सहा सहा फुटांवर सगळे उभे राहिले. मामांना केबिनमधून उतरायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी काच पूर्ण खाली करून अर्धं अंग बाहेर काढलं होतं. ताई कुंपणाशी येऊन थांबली.

"साहेब," बाई म्हणाल्या, "मामांनी घोडा आणला नाही. कुणीच आणला नाही. बारा वाजता सील तुटलं तेव्हा जगात हा घोडाच नव्हता."

साहेबांनी घोड्याकडे पाहिलं. घोडा चांगला डोळ्यांसमोर उभा होता.

"मामांच्या फोनमधले फोटो बघा. शेवटची रांग भिंतीला टेकलेली आहे. तिच्या मागे मांजर मावणार नाही, मग घोडा उभा कुठे होता? म्हणजे मुकादम खोटं बोलले. आता ही खुंटी." त्यांनी ती पुन्हा उपसली. "घोड्याची पाठ फवारणीने डागाळली आहे, पण खुंटीचं भोक कोरडं. म्हणजे फवारणीच्या आधीच तो जोडून तयार होता. बारा ते पावणेएक या वेळात ट्रकमध्ये कोण होतं? एकटे मुकादम. खुंट्यांच्या डोक्यांवर काळ्या रबराचे डाग आहेत. तसला हातोडा या आवारात एकाच कमरेला आहे."

"पण त्याने लाकूड आणलं कुठून?" साहेबांनी विचारलं.

"जे तुम्ही मोजत नाही त्यातून. पिंपांखालची वाकडी लाकडं म्हणजे ह्या झुलायच्या फळ्या. दोरी ओवलेली फळी म्हणजे हे डोकं, ती भोकं म्हणजे डोळे. लाकडांवर आतून एक ते चौदा आकडे आहेत. म्हणून पलीकडच्या ट्रकमध्ये पिंपं नुसत्या दोरीवर आहेत. त्यांचा आधार इथे घोडा होऊन उभा आहे. मुकादम, आता सांगून टाका बघू."

मुकादम रडायच्या बेतात आला होता, पण गोलातून हलला नाही.

"सूचनेत लिहिलं होतं, नंबराप्रमाणे जोडा. मी जोडलं. एकाला दोन, दोनाला तीन. बाराव्या नंबरावर मला जरा शंका आली. चौदावा ठोकला, मागे सरकून पाहतो तर घोडा! त्यातच भोंगा वाजला. मी घाबरून दार लावलं आणि पळालो. यादीत नसलेली वस्तू मीच बनवली म्हटल्यावर माझी नोकरी... मामा, माफ करा. तुमच्यावर शेकेल असं वाटलं नव्हतं."

मग केबिनमधून मामांचं हसू असं फुटलं की अख्खा ट्रक हलला. "बाराव्या नंबरावर शंका आली म्हणे!"

"म्हणजे घोडा माझ्या सूचनेमुळे..." साहेब पुटपुटले.

"सही तुमची आहे," बाई म्हणाल्या. "पण मुळात लाकडं घोड्याच्या मापाने कुणी कापली? ज्याला सोमवारची सूचना ठाऊक नव्हती त्याने. लाकडं अजूनही कुंपणापलीकडे टाकतात अशा समजुतीत तो होता. आकडे त्याने पलीकडच्या माणसाला जोडता यावं म्हणून घातले. ताई, तुझा चहा गॅसवर होतो. तुला लाकडं कशाला हवी होती?"

ताईने पदर डोळ्यांना लावला. "बाबा कारखान्यात सुतार आहेत. नातीला अजून एकदाही घेतलं नाही त्यांनी. पार्सल बंद. म्हणाले, घोडा पाठवता येत नाही, पण लाकडाला कोण अडवतंय? साहेब, मामांचा यात काही दोष नाही, त्यांना काहीच माहीत नव्हतं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. चारला दोन मिनिटं कमी होती. "मामा सुटले," ते म्हणाले. मामी मटकन ट्रकच्या पायरीवर बसल्या आणि तिथून नवऱ्याला म्हणाल्या, "उद्यापासून फोटो मीही बघणार."

"पण घोड्याचं काय करू?" साहेब अगतिक झाले होते. "यादीत नाही. पलीकडे सोडता येत नाही."

"घोडा सोडता येत नाही," बाई म्हणाल्या. "लाकडं येतात. मुकादम, चौदापासून एकपर्यंत."

मुकादमाचा चेहरा उजळला. असं स्पष्ट काम त्याला फार आवडे. पाच मिनिटांत घोड्याची चौदा लाकडं झाली आणि एकेक करून कुंपणापलीकडे पडली. साहेब तेवढा वेळ आपल्या सूचना वाचत पाठमोरे उभे होते.

ताईने जमिनीवर बसून घोडा जोडला. खुंट्या ठोकायला तिच्याकडे लाटणं होतं. बाईंनी कारखान्यात फोन लावला आणि पडदा कुंपणाकडे धरला. म्हातारा सुतार कानामागे पेन्सिल लावून पलीकडे बघत होता. नात घोड्यावर बसली. आधी घाबरली, मग घोडा पुढे झुलला, मागे झुलला आणि ती खदखदून हसली. उतरवायला गेलं तर ओरडू लागली.

"डावा पाय नीट बसला नाही," सुतार म्हणाला. मग त्याने कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच खोचली. स्टेअरिंगरावही उगाचच बसच्या काचा पुसायला निघून गेले आणि इंजिन चालू करून त्यांनी भोंगा वाजवला. नातीने बसकडे पाहून हात हलवला.

चेकरबाईंनी पेटी उघडली. चौदा महिन्यांनी तिकिटं टोचायचा चिमटा हातात घेतला आणि एक तिकीट फाडलं. पलीकडचा थांबा टोचला, आसन क्रमांक एक टोचला. तारखेची जागा कोरीच ठेवली. बावीस वर्षांत त्यांनी कुणाला फुकट बसू दिलं नव्हतं.

"आजोबा, पहिली बस सुटेल तेव्हा त्यात तुम्ही आहात," त्यांनी तिकीट फोनसमोर धरलं. "हे उद्या मामा तुमच्याकडे आणून देतील."

सुताराने बाहीने डोळे पुसले आणि बराच वेळ तिकीट निरखलं.

"बाई," तो म्हणाला, "तेवढी खिडकीची जागा द्या."