बटण कोणी दाबलं?

बेल वाजली तेव्हा ती टीव्हीशी भांडत होती.

दारात एक उंच तरुण उभा होता. हातात अवजारांची पेटी, खांद्यांवर पावसाचे थेंब.

"टीव्ही बिघडलाय ना?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हीच फोन केला होता ना... काकू?" त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि शेवटचा शब्द गिळायचा प्रयत्न केला, पण तोवर तो निसटला होता.

काकू वरच्या मजल्यावर राहायच्या. हा एक मजला आधीच थांबला होता.

"काकू वर आहेत," ती म्हणाली. "पण आधी आमचा बघा. मला काकू म्हटल्याचा दंड."

तो आत आला आणि थबकलाच. दिवाणखान्यातला भलामोठा टीव्ही लिहायच्या टेबलावर चढून बसला होता, पुढे कीबोर्ड, माउस, आणि खुर्ची इतकी जवळ की बसणाऱ्याचं नाक पडद्याला लागावं.

"तुम्ही मालिका अशा बघता? हुंगत?"

"मालिका नाही, पेशी." ती घरूनच काम करायची. प्रयोगशाळेतून पेशींची छायाचित्रं यायची, त्यातल्या निरोगी कोणत्या, बिघडलेल्या कोणत्या हे तिने सांगायचं. लहान पडद्यावर डोळे शिणले म्हणून तिने टीव्हीच संगणकाला जोडला होता. "पण कडेच्या पेशी गायब होतात. छायाचित्रात असतात, इथे नसतात."

आतल्या खोलीतून बाबा ओरडले, "माझ्या बातम्याही गायब झाल्यात, तेवढं बघा! हल्ली या घरात एकच कार्यक्रम. नायक कोण, खलनायक कोण, काही पत्ता लागत नाही."

तो हसला. हसताना त्याची मान किंचित डावीकडे कलायची. तिने ते टिपलं. टिपणं हा तिचा धंदाच होता.

"टीव्हीला वाटतं, आपण सिनेमा दाखवतोय," रिमोट चालवत तो म्हणाला. "म्हणून तो चित्र जरासं फुगवतो आणि कडा छाटतो. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, आहे तेवढंच दाखव." पडद्याच्या चारी बाजूंनी हरवलेल्या पेशी आत सरकल्या. तिच्या तोंडून "अय्या!" निघालं, आणि मग तिलाच लाज वाटली.

त्यानंतर तो पुन्हा आला, कारण अक्षरं फिसकटलेली दिसत होती. जोडणीच्या नावापुढे त्याने 'संगणक' असं निवडलं आणि अक्षरं ताठ उभी राहिली. मग माउसचा बाण हातामागून रेंगाळतो म्हणून आला. टीव्ही चित्र सजवत बसतो, म्हणून उशीर होतो, असं म्हणत त्याने सगळी सजावट बंद केली. टीव्ही भिंतीकडे सरकवून खुर्ची मागे ओढली. "इथून बघा. थोडं अंतर ठेवलं की बरं दिसतं."

"सगळंच?"

"नाही... काही गोष्टी जवळूनच बऱ्या." कानाच्या पाळ्या लाल करून तो वायर गुंडाळू लागला. ती वायर गुंडाळायची गरज नव्हती.

आता सगळं उत्तम चालत होतं. पंचाईत तीच होती.

पाऊस खिडकीवर बोटं वाजवायचा. जिन्यात पावलं वाजली की ती मान वर करायची. पावलं वर काकूंकडे जायची. काकूंच्या टीव्हीला बरे रोज नवे आजार होते! एका सकाळी तिने रिमोट उचलला, टीव्हीच्या सेटिंगच्या यादीतलं चित्राला धार आणणारं बटण शोधलं आणि पट्टी पार टोकाला नेली. प्रत्येक पेशीभोवती एक पांढरी रेघ उमटली. पेशीत जी मुळात नव्हतीच. एरवी अशी खोटी रेघ तिने कुणाचीच खपवून घेतली नसती. त्या दिवशी तिने कामाची एकही फाइल उघडली नाही, फक्त फोन केला, "काहीतरी बिघडलंय..."

तो आला, पण आज हसत नव्हता.

"बरं झालं बोलावलंत. नाहीतर मीच काहीतरी निमित्त काढून येणार होतो. दूरच्या शहरात काम मिळतंय. मोठी कंपनी आहे. आज संध्याकाळी कळवायचंय."

"मग... जाणार?"

"इथे थांबायला काही कारण असलं, तर नाही."

तो पडद्याकडे वळला, यादी उघडली, टोकाला गेलेली पट्टी पाहिली. आणि मान डावीकडे कलली.

"हे आपोआप होत नाही," तो हळूच म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम दाबल्याशिवाय नाही होत. बटण कोणी दाबलं?"

एक अक्षर म्हणायचं होतं. मी. त्याचे डोळे तेच अक्षर मागत होते, हे तिला दिसत होतं. पण पकडलं गेल्यावर माणूस जे करतो, तेच तिने केलं.

"बाबांनी... दाबलं असेल."

"हो हो, मीच!" बाबा लगबगीने बाहेर आले. "लेकीला काही बोलू नका हो. म्हाताऱ्याची बोटं, कुठेही पडतात!"

ती लहान असताना कप फुटला, की आईपुढे बाबा असेच उभे राहायचे. मीच फोडला म्हणायचे.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

मग तो बाबांशेजारी बसला. कुठली यादी, कुठली पट्टी, किती मागे आणायची, सगळं न कंटाळता दोनदा समजावलं. "आता कुणाला बोलवायची गरज पडणार नाही, काका." चहाला नको म्हणाला. दार त्याने अलगद ओढून घेतलं.

"चहा न घेताच गेला?" बाबा म्हणाले. "इतका रागावला होता?"

"रागावला नव्हता, बाबा."

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसले. "अगं चिमणे... मग मला मध्ये का येऊ दिलंस?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. फोन हातात होता. पण आधी नेमकी वाक्यं ठरवावीत, असं तिला वाटलं. ती ठरवता ठरवता पावसाळा सरला, थंडीही सरत आली.

शेवटी एका दुपारी, एकही वाक्य न ठरवता, तिने फोन लावला.

"ते बटण... मी दाबलं होतं."

पलीकडे कुठलंसं दार अलगद ओढून घेतल्याचा आवाज आला.

"माहीत होतं," तो म्हणाला. "पण ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही काकांचं नाव घेतलंत, तेव्हा वाटलं, हे तुम्हाला कबूल करायचंच नाहीये."

"करायचं होतं."

"हं..." त्याचा श्वास ऐकू आला. "माझं लग्न ठरलंय. मागच्याच आठवड्यात."

तिने खिडकीची कडी घट्ट धरली. "कशी आहे ती?"

"बोलकी आहे," तो फार हळू म्हणाला, जणू तिला लागू नये म्हणून. "मनात आलं की सांगून टाकते."

"छान," ती म्हणाली. आणि मग, या वेळी जराही न थांबता, "मला तुम्ही फार आवडत होतात."

"मलाही," तो म्हणाला. "फार."

आतल्या खोलीत बाबांनी रेडिओवरच्या बातम्यांचा आवाज एकदम कमी केला.